भट्टीचा पंखा अन् गजाची सोयरीक

आमच्या घरी एशी हाय, गार हवा फेकणारा. सध्या तो कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलेला हाय अन् त्याच्यावर कोंबड्या बसतेत, ही गोष्ट येगळी. पण हाय! डोंगरकड्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं कुणालाबी इचारा, "एशीवाली म्हातारी कुठं राहती?" शेंबडं पोरगं बी बोट करून दाखवंल. (अन् हसंल बी. हसू द्या. हसायला लाईट लागत न्हाई.)

ही भानगड झाली माझ्या धाकट्या लेकापायी. त्याचं नाव गजानन, आमी गजा म्हणतो. थोरला दत्ता टेम्पो चालवतो, तो कायम रस्त्यावर. त्याची बायको सुमन, मी अन् गजा, असे आमी घरात. गजाचं लगीन जमत नव्हतं. पोरगं वाईट न्हाई बगा. दारू न्हाई, गुटखा न्हाई, वावरात बैलावानी राबतो. हळद हाय आमची, हळद शिजवायचं बॉयलर हाय. पण आजकाल पोरीच्या बापाला काय पायजे? शेती पायजे, पण शेतात जाणारा नवरदेव नको! (मंग शेती काय बुजगावण्यानं करावी?) आमच्या गावात बिनलग्नाची पोरं इतकी झालीत की पारावर बसायला जागा मिळत न्हाई. गजाच्या डोक्यावरचे केस मागं सरकू लागले. सुमन रोज म्हणायची, "भावजी, टोपी घाला." मी रोज नागनाथाला हात जोडायची.

अशात एक दिवस माझा भाऊ आला, रामकिसन. सोयरिकी जुळवायचा त्याला भारी नाद.

"अक्का, स्थळ आणलंय. मुलगी हिंगोलीची, स्वाती नाव. बापाचं कापडाचं दुकान हाय. अन् मुलीला शेतकरी चालतो."

म्या हातातलं सूप खाली ठेवलं. "चालतो? काहून? काय दोष हाय का पोरीत?"

"काही दोष न्हाई. फकस्त एक अट हाय. घरात एशी पायजे. पोरीला उन्हाची सवय न्हाई."

"अन् आमाला हाय का? आमी काय आवडीनं बसतो उन्हात?"

"अक्का, तू तोंड बंद ठेवशील तर सोयरीक व्हईल."

हे वाक्य माझा भाऊ ल्हानपणापासून म्हणून राहिला. म्या तोंड बंद ठेवलं. (माझी सोयरीक बी तशीच झाली व्हती.)

आता एशी म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला ठावं? आमच्याकडं गार म्हणजे रांजण. त्याच्याहून गार पायजे आसंल तर रांजणाला टेकून बसायचं. पण गजानं मनावर घेतलं. हिंगोलीला गेला अन् रफीकभाईला घेऊन आला. हा रफीकभाई सुगीत आमचं बॉयलर दुरुस्त करतो, उन्हाळ्यात लोकांचे कुलर. दोघांनी मिळून टेम्पोतून एक जुना एशी उतरवला. कुठल्यातरी बंद पडलेल्या लॉजमधला. एक डबा भायेर बसवायचा, तो घरघर करतो. एक डबा आत बसवायचा, तो गार हवा फेकतो. पण ह्या आतल्या डब्यातला पंखा जळाला व्हता.

"मंग हवा कोण फेकणार?" म्या इचारलं.

"अम्मा, पंखाच तो है! दूसरा लगा देंगे," रफीकभाई म्हणला.

"तसला मिळतो का?"

"तसला नई मिलता. पर हवा तो हवा है."

ही 'हवा तो हवा है' म्हणणारी माणसं लई डेंजर, हे मला तवाच कळायला पायजे व्हतं.

बैठकीच्या अन् मागच्या खोलीच्या मधल्या भिंतीला त्यांनी भगदाड पाडलं. (भिंत ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, सोता बांधलेली. म्या तोंड बंद ठेवलं.) त्या भगदाडात एशीची गार होणारी जाळी बसवली. तिच्या मागं, मागच्या खोलीतून, रफीकभाईकडच्या एका जुन्या कुलरचा पंखा लावला. बटन दाबलं. भायेरचा डबा घरघर करू लागला. आमी समदे बैठकीत हात पुढं करून उभे, जसं काय परसाद मिळणार हाय!

हवा आली. म्हणजे मांजर शेपटी हलवतं तेवढी आली.

"येऊ लागली, येऊ लागली," गजा म्हणला.

कुठं येऊ लागली! थोड्या येळानं तीबी बंद. जाऊन बगतो तर जाळीवर पांढरं साचलेलं. बरफ! भर उन्हाळ्यात, आमच्या भिंतीत, बरफ! सुमन तांब्या घेऊन पळत आली. मी चमच्यानं खरवडून खाल्लं. जल्मात पैल्यांदा घरचा बरफ खाल्ला. लोखंडाची चव व्हती, पण गार व्हता.

रफीकभाईनं कपाळाला हात लावला. "अम्मा, हवा कम पड़ी. जितनी ठंडक बनती, उतनी हवा उसको उठा के ले जाना मंगता. नई ले गई, तो ठंडक वहींच जम गई. दोनों का जोड़ा बराबर बैठना, शादी के माफिक."

"मंग मोठा पंखा लावा," गजा म्हणला.

"मोठा कुठून आणणार?" म्या म्हणलं. " परवा पाव्हणे येऊन राहिलेत!"

गजानं इकडं बगितलं, तिकडं बगितलं, अन् त्याची नजर गेली सपरात. तिथं आमचं हळदीचं बॉयलर उभं. हळद शिजवून झाली व्हती, त्याच्या भट्टीचा पंखा रिकामाच पडला व्हता. हा पंखा साधा नसतो बगा. गोगलगायीच्या शंखावानी त्याचं लोखंडी घर असतं, मोटार लावलेली असती, अन् भट्टीत वल्लं लाकूड कोंबलं तरी हा त्याला पेटवून दाखवतो. इस्तव फुलवायचा पंखा, अन् तो लावायचा एशीला!

"रफीकभाई, ह्यो चालंल?"

रफीकभाईनं दाढी खाजवली. त्याच्या मेव्हणीच्या घरी कळमनुरीला दावत व्हती, त्याला जायची घाई. "चलेगा," म्हणला. "हवा तो हवा है!"

तो पंखा बसवला. बटन दाबलं.

देवा नागनाथा! भिंतीवरचं कॅलेंडर उडालं ते भायेर शेळीच्या तोंडात गेलं. सुमनचा पदर उडून पत्र्याच्या खिळ्याला अडकला. ह्यांचा फोटू असा हलू लागला, जसं काय ते मान हलवून म्हणून राहिले, 'न्हाई, न्हाई, बंद करा!' अन् हवा गार बी न्हाई. नुसती वलसर. जाळीवरचं पाणी तोंडावर फुर्र फुर्र उडू लागलं, म्हशीनं शिंकल्यावानी.

"अब ज़्यादा हो गई," रफीकभाई वरडला. "हवा इतनी जल्दी भागती, ठंडक को पकड़ने टाइमच नई मिलता!"

म्हणजे कमी दिली तर गोठती, जास्त दिली तर पळती. (सुनंचं बी तसंच असतं, पण तिथं रफीकभाई येत न्हाई.)

मंग त्यानं एक युक्ती काढली. पंखा जिथून हवा वढतो, त्या तोंडावर एक रिकामं पोतं बांधलं. घट्ट, सुतळीनं. आता पंखा पोत्यातून श्वास घेऊ लागला, दमेकरी म्हाताऱ्यावानी. हवा बराबर मापात आली. अन् काय सांगू, बैठक गार पडू लागली! खरोखर गार! मी भुईवर मांडी घालून बसले अन् माझे डोळे आपोआप मिटले.

"पोतं सोडायचं न्हाई," रफीकभाई जाताना दम देऊन गेला. "पोतं है तो एशी है. पोतं नई तो तूफान है."

हे वाक्य म्या नीट ध्यानात ठेवलं. समदा घात त्याच्यानंच झाला.

पाव्हणे यायच्या दिवशी घर आवरायला काढलं. आमच्यात आवरणं म्हणजे काय, तर जे दाखवायचं न्हाई ते मागच्या खोलीत कोंबायचं. फाटक्या वाकळा मागच्या खोलीत. फुटकी बादली मागच्या खोलीत. हळदीचं अर्धं पोतं मागच्या खोलीत. (हळकुंड ढोलात घालून फिरवलं, की वरचं साल निघतं, त्याची पिवळी भुकटी पडती. ती आमी साठवून ठेवतो.) समदं झाल्यावर रामकिसन माझ्याकडं बगून खाकरला.

"अक्का, तू बी जरा मागच्या खोलीत बस."

"काहून?"

"अगं, शुभ काम हाय. त्यांच्यातली माणसं जुन्या वळणाची. पाव्हणे घरात पाय टाकतेत अन् समोर तू... म्हणजे, समजून घे."

म्या समजून घेतलं. जल्मभर तेच केलं. वाकळा, बादली, भुकटी अन् मी, असा आमचा संसार मागच्या खोलीत मांडला.

आता माझं अन् हळदीचं सांगते. हे गेले तवा गजा पाळण्यात व्हता. हिरीवरची मोटार चालू करायला गेले अन् करंट लागला. आया-बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, अन् सांगितलं, "आता अंगाला हळद शिवायची न्हाई." बरं. तेरवी झाली अन् सासरे म्हणले, "खणलेली हळद वावरात पडलीय, शिजवणार कोण?" म्हणजे बगा, अंगाला हळद चालत न्हाई, अंगमेहनतीला चालती! तवापासून हळद खणली, शिजवली, वाळवली, घासली. नखं पिवळी, लुगडं पिवळं, थुंकले तर थुंकी पिवळी. ते कुणाच्या डोळ्यात आलं न्हाई. कपाळ तेवढं कोरडं पायजे.

अन् दुसरं, तवापासून म्या बटनाला हात लावलेला न्हाई. घरात दिवा लावायचा तर सुमनला हाका मारते. पण त्या दिवशी एशीचं बटन मागच्या खोलीत, अन् मागच्या खोलीत मी!

गजा आला. नवा शर्ट, केस पुढं ओढून बसवलेले. "आई, मामा म्हणंल 'लई उकडून राहिलं', की बटन दाबायचं. भेऊ नको."

"मी न्हाई लावत बटनाला हात."

"आई..." एवढंच म्हणला. तेच स्थळ व्हतं, तेच शेवटचं. ते त्याला बी ठावं, मला बी ठावं.

"जा," म्या म्हणलं. "दाबते." अन् सुमनच्या डब्यातलं लाटणं मागून घेतलं. लाकडातून करंट येत न्हाई, एवढं मला कळतं. शिकले न्हाई म्हणून काय झालं!

जीप आली. सुमन धावत मागच्या खोलीत आली. "आत्याबाई, दारात पाय पुसायला काही न्हाई! द्या काहीतरी!" अन् म्या तोंड उघडायच्या आत तिनं पंख्याच्या तोंडावरचं पोतं सोडलं.

"अगं, ते पोतं नको..."

"तुमी गप बसा बरं आत!" अन् गेली बी!

आता आली का पंचाईत! भायेर पाव्हणे पोत्याला पाय पुसू लागले, अन् आत पंख्याचं तोंड उघडं. रफीकभाईचं वाक्य माझ्या डोक्यात फिरू लागलं. पोतं है तो एशी है. भायेर जाऊन मागावं तर पाव्हण्यांच्या समोर जायची मनाई. तिकडून रामकिसनचा आवाज, "बसा, बसा... प्रवास कसा झाला..." म्हणजे आता कवाबी 'उकडून राहिलं' म्हणंल!

म्या खोलीत बगितलं. वाकळ जाड, बादली कामाची न्हाई. अन् कोपऱ्यात पोतं! भुकटीचं! अर्धंच भरलेलं, वरची बाजू रिकामी. मी म्हणलं, पोतंच पायजे ना? हे घ्या पोतं! भुकटी खाली बसलीय, वरचा रिकामा भाग पंख्याच्या तोंडावर बांधायचा. अशी मी हुशार! ते ओढत नेलं, वरचा भाग तोंडावर ताणला, सुतळीनं गाठ मारली. माझीच मला शाबासकी दिली. भायेर माझ्या लेकाचं नशीब बसलेलं, अन् त्याला गार हवा कोण देणार? ही मागच्या खोलीतली म्हातारी!

"लई उकडून राहिलं बगा," रामकिसन मोठ्यानं म्हणला.

म्या डोळे मिटले, ह्यांचं नाव घेतलं, अन् लाटण्यानं बटन दाबलं.

पैल्यांदा पंख्यानं पोत्याचं तोंड आत वढलं. मंग अख्खं पोतं गपकन उचललं, जसं काय अजगरानं कोंबडी! पोतं मधूनच फाटलं. आतली भुकटी अर्धी पंख्यात गेली, अन् अर्धी माझ्यावर आली. मी वरडले, पण तोंड उघडलं तसं तेबी भरलं. लाटण्यानं बटन बंद करायला गेले, तर डोळ्यात काही दिसंना. एक दाबलं, दिवा लागला. दुसरं दाबलं, भायेरचा रेडिओ सुरू झाला! तिसरं दाबलं तवा कुठं पंखा थांबला.

पलीकडं बैठकीत काय झालं, ते गजानं नंतर सांगितलं. भगदाडातून पैल्यांदा पिवळं वारं आलं, अन् त्याच्या मागून जाळीवरचं पाणी, तेबी पिवळं! मुलीचा बाप च्याचा कप तोंडाला लावून बसलेला, तो तसाच पिवळा झाला, पुतळ्यावानी. त्याच्या शेजारी मुलीची मावशी, जरीची साडी नेसून आलेली, ती पिवळी. रामकिसनची मिशी पिवळी. ह्यांचा फोटू पिवळा. सुमन पोहे घेऊन आली, ते तर आधीच पिवळे व्हते, त्यांचं काही बिघडलं न्हाई. अन् समोरासमोर बसलेले गजा अन् स्वाती, दोघं कपाळापासून गुडघ्यापर्यंत पिवळेधम्मक!

रेडिओवर बाजारभाव सांगू लागले व्हते.

अन् मंग ती पोरगी हसली. अशी हसली, म्हणे, की तिच्या डोळ्यातून पाणी आलं अन् गालावर दोन गोऱ्या रेघा पडल्या. तिला बगून गजा हसला. म्या माझ्या खोलीतून ऐकलं. माझा गजा इतक्या मोठ्यानं हसलेला मला आठवत न्हाई.

मुलीच्या बापानं दोन शिंका दिल्या अन् तोंड पुसलं. "काय ओ रामकिसनराव," तो म्हणला, "आमी नुसतं घर बगायला आलो, अन् तुमी तर हळदच लावून टाकली!"

रामकिसन जागच्या जागी उडाला. "अहो शुभशकुन! देवाच्या मनातच हाय म्हणा की!"

"मी म्हणतो, मंग उशीर काहून? सुपारी फोडून टाकू."

"सुमन! साखर आण!"

मागच्या खोलीत मी भिंतीला टेकून उभी. तोंडात भुकटी, डोळ्यात भुकटी, अन् कानात 'साखर आण'! म्हणलं, नागनाथा, तू बी कसल्या कसल्या वाटेनं येतोस! एशी तर एशी. मी हुंदके देऊ लागले, भुकटी असल्यामुळं त्याचा खोकला झाला.

तेवढ्यात ती मावशी बोलली. साडीची जर झटकत बोलली.

"ते समदं खरं, पण पैली हळद लावली कुणी? सवाशिणीच्या हातानं लागती पैली हळद. बटन कुणी दाबलं?"

सुमनच्या हातातली साखर तशीच राहिली. रामकिसननं गजाकडं बगितलं, डोळ्यानं म्हणला, 'सुमनचं नाव घे.' सुमन सवाशीण, चार चौघीत हळद लावणारी. एक नाव घ्यायचं व्हतं. पण माझा गजा! त्याला खोटं बोलायला कुणी शिकवलंच न्हाई. (ती चूक माझी.)

"आईनं दाबलं," तो म्हणला. "आई हाय आत."

अन् नेमका तवाच मला खोकल्याचा उमाळा आला. आत श्वास घुसमटला. दार ढकलून मी भायेर आले.

काय दिसले आसंल मी! केसांपासून पायाच्या बोटापर्यंत पिवळी. हातात लाटणं. कपाळ तेवढं कोरडं ठेवायचं असतं ना? तेच सगळ्यात जास्त पिवळं! अन् मधी कुंकू न्हाई.

"अगं बाई!" मावशी म्हणली अन् तोंडावर पदर घेतला. मुलीचा बाप खाली बगू लागला. रामकिसन फोटूकडं बगू लागला. तिथं बी कुणी बोलायला तयार नव्हतं.

"ताई," मावशी मुलीच्या बापाला न्हाई, मला बी न्हाई, हवेला म्हणली, "आमच्यात चालत न्हाई ओ असलं. लेकराच्या आयुष्याचा प्रश्न हाय."

"नुसती भुकटी हाय ती," गजा म्हणला. त्याचं हसू अजून तोंडावरून पुरतं उतरलं नव्हतं. "पॉलिशची भुकटी. उडाली."

"आमी कळवतो," मुलीचा बाप म्हणला, अन् चप्पल घालू लागला. दारातल्या पोत्याला पाय पुसून गेला! येताना पुसले ते पुसले, जाताना बी पुसले.

ती पोरगी सगळ्यात शेवटी उठली. माझ्याजवळ थांबली. "आजी, हे केसातून निघंल का ओ?"

"निघंल. आधी खोबऱ्याचं तेल लाव, मंग शिकेकाई. गरम पाणी घेऊ नको, पक्कं बसंल."

"स्वाती!" जीपमधून मावशीची हाक आली. पोरगी गेली. जाताना एकदा गजाकडं बगितलं, पण बगण्यानं लग्नं जमत असती, तर आमच्या पारावर कशाला गर्दी राहिली असती!

नंतर रामकिसनचा फोन आला. म्हणला, त्यांचा निरोप हाय, पत्रिका जुळत न्हाई.

"पत्रिका तर त्यांनी मागितलीच नव्हती," गजा म्हणला.

"आता तसंच म्हणतेत," रामकिसन म्हणला. "अन् अक्काला सांग, माझं कुणी ऐकत न्हाई. म्या सांगितलं व्हतं, मागच्या खोलीत बस."

"ती मागच्या खोलीतच व्हती, मामा," गजानं सांगितलं, अन् फोन ठेवला. दोरी, पाना घेऊन आला, भट्टीचा पंखा सोडवला, धुतला, बॉयलरला नेऊन लावला. एशीचे डबे उचलून खुराड्यावर ठेवले. भगदाड बुजवायला दगड-माती आणली, अन् भिंत लिंपता लिंपता, माझ्याकडं पाठ करून म्हणला, "आई, आंघोळ करून घे ना आता."

म्या आंघोळ केली. एकदा केली, दोनदा केली. भुकटी कातडीत बसलेली, ती थोडीच निघती! सुमन दारात उभी राहून बगायची. "आत्याबाई, घासा की नीट. लोक काय म्हणतील? कपाळावर अजून हाय."

"हाय तर राहू दे. आपोआप जाईल."

खरं सांगू? म्या कपाळ घासलंच न्हाई. सुमन पाणी भरायला गेली की ल्हान आरसा काढायची अन् बगायची. सुरकुत्या समदीकडं, दात कुठं हाय कुठं न्हाई, पण त्या पिवळ्या कपाळाची म्हातारी बरी दिसत व्हती बगा. (ह्यांच्या फोटूवरची भुकटी बी म्या पुसली न्हाई. दोघं मिळून पिवळे राहिलो थोडे दिवस. त्यांनी काही तक्रार केली न्हाई.)

त्या पोरीचं नंतर नांदेडला ठरलं म्हणतेत. पोराच्या घरी दोन एशी हायेत, कंपनीचे, आपल्या आपल्या पंख्याचे. बरं झालं. गजा अजून तसाच. सकाळी वावरात जातो, संध्याकाळी पारावर बसतो. टोपी घालू लागला.

गावातल्या बाया मला ओढ्यावर धरतेत. "काय ओ काकू, पोराच्या लग्नाचं कुठवर आलं?"

"आलं की," मी म्हणते. "पोरासाठी एशी आणला, भिंत फोडली, पंखा लावला. एवढं समदं करून हळद लागली ती मला! आता कुणी म्हातारा तुमच्या बगण्यात आसंल तर सांगा. अन् त्याला म्हणावं, भेऊ नको, बाईची एशीची अट न्हाई."